कर कोणी बसवायचा?

१७७३ सालच्या डिसेंबरात बॉस्टनच्या लोकांनी समुद्रात बुडवलेला चहा महाग झालेला नव्हता. लंडनच्या पार्लमेंटने त्याच वर्षी केलेल्या कायद्यामुळे तो पूर्वीपेक्षा स्वस्त मिळणार होता. चोरट्या मार्गाने येणाऱ्या डच चहाशीही तो भावात टक्कर देऊ शकला असता. त्यावरचा कर रत्तलामागे तीन पेन्स होता आणि तो सहा वर्षांपूर्वीच बसलेला होता. शिवाय अटलांटिकच्या पश्चिमेला राहणारा माणूस इंग्लंडमधल्या माणसाच्या मानाने फारच थोडा कर भरत असे. तरीही या चहावरून ठिणगी पडली, तीन वर्षांत तेरा वसाहतींनी राजाशी नाते तोडले आणि पुढची सात वर्षे युद्ध चालले.

जाचक करांना कंटाळून लोक उठले, ही अमेरिकन क्रांतीबद्दलची सर्वसाधारण समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही. भांडण कराच्या रकमेचे नव्हतेच. कर बसवण्याचा अधिकार कोणाचा, हा खरा वाद होता. अमेरिकन वसाहतींनी त्याचे उत्तर एखाद्या तत्त्वज्ञाच्या ग्रंथातून उचललेले नव्हते, ते त्यांच्या दीडशे वर्षांच्या सवयीत होते. ती सवय कशी लागली, तिच्यावर घाला आल्यावर काय झाले आणि ती कोणाकोणाच्या वाट्याला आलीच नाही, हे नीट पाहिल्याशिवाय ही क्रांती समजत नाही, असे मला वाटते.

गोष्ट सुरू होते ती एका व्यापारी कंपनीपासून. १६०७ च्या मे महिन्यात शंभराच्या आसपास इंग्रज पुरुष आणि मुलगे व्हर्जिनियात जेम्स नदीच्या काठी उतरले. त्यांना राजाने पाठवले नव्हते, लंडनच्या व्हर्जिनिया कंपनीने भागधारकांच्या पैशावर पाठवले होते. ही कंपनी ज्यांनी चालवली त्यांत सर थॉमस स्माइथ हे मोठे नाव आहे. हाच माणूस ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नर. म्हणजे भारताकडे निघालेली आणि अमेरिकेकडे निघालेली इंग्रजी जहाजे एकाच व्यापारी वर्तुळातून सुटत होती.

तिथे त्यांनी वसवलेल्या जेम्सटाउनला सोने सापडले नाही. १६०९-१० च्या हिवाळ्यात उपासमार इतकी झाली की सुमारे पाचशे माणसांतली साठच्या आसपास उरली. वसाहत तगली ती तंबाखूवर. जॉन रॉल्फने १६१२ च्या सुमारास कॅरिबियन जातीचा तंबाखू तिथे लावला, लंडनमध्ये त्याला गिऱ्हाईक मिळाले आणि मग जमीन आणि मजूर या दोन गोष्टींची भूक कधी संपलीच नाही. जमीन पाउहॅटन लोकांची होती. मजूर आधी इंग्लंडमधून आले. काही वर्षे राबण्याच्या करारावर बांधलेली ती गरीब माणसे होती.

१६१९ च्या उन्हाळ्यात दोन गोष्टी घडल्या. माणसे वाढावीत, टिकावीत म्हणून कंपनीने वसाहतवाल्यांना आपले प्रतिनिधी निवडायची मुभा दिली होती. ३० जुलैला जेम्सटाउनच्या चर्चमध्ये गव्हर्नर जॉर्ज यर्डलीसमोर बावीस निवडलेले प्रतिनिधी जमले. हवा इतकी उष्ण आणि रोगट होती की सभा काही दिवसांतच आटोपावी लागली. इंग्रजी अमेरिकेतली ही पहिली प्रातिनिधिक सभा. पुढच्या महिन्याच्या अखेरीस त्याच नदीच्या मुखाशी 'व्हाइट लायन' नावाचे लुटारू जहाज आले. त्याने अंगोलाहून निघालेल्या एका पोर्तुगीज गुलामवाहू जहाजावरून पळवलेले वीसहून थोडे अधिक आफ्रिकी लोक जहाजावर होते. अन्नधान्याच्या बदल्यात त्यांना विकण्यात आले. जेमतेम महिन्याच्या अंतराने घडलेल्या या दोन घटना मला अमेरिकेच्या इतिहासात कधीच वेगळ्या करता येत नाहीत. प्रतिनिधी निवडणारा मळेवाला आणि त्याने विकत घेतलेला माणूस एकाच जमिनीवर उभे होते.

उत्तरेकडे न्यू इंग्लंडमध्ये माणसे वेगळ्या कारणाने आली. तिथले प्युरिटन चर्चच्या शुद्धीसाठी देश सोडून आले होते. १६२० मध्ये 'मेफ्लॉवर'वरच्या एक्केचाळीस पुरुषांनी किनाऱ्यावर उतरण्यापूर्वीच एकत्र राहण्याचा करार लिहून सह्या केल्या. दहा वर्षांनी मॅसॅच्युसेट्स बे कंपनीची माणसे आली आणि येताना कंपनीची सनदही बरोबर घेऊन आली, त्यामुळे भागधारकांची सभा हीच वसाहतीची विधानसभा झाली. गावोगाव नगरसभा भरू लागल्या. रस्ता कुठून काढायचा, शाळामास्तराला किती द्यायचे, कोणी किती कर भरायचा, सगळे उघड्या बैठकीत ठरू लागले.

हळूहळू प्रत्येक वसाहतीत सभा उभी राहिली आणि प्रत्येक सभेने एक किल्ली हातात ठेवली. बहुतेक ठिकाणी गव्हर्नर राजा नेमायचा, पण त्याचा पगार सभा मंजूर करायची. गव्हर्नरने फार ताणले की पगार अडायचा. नाक दाबले की तोंड उघडते, हे वसाहतींच्या सभांना चांगलेच ठाऊक होते. जमीन मुबलक असल्यामुळे मतासाठी लागणारी मालमत्तेची अट पुरी करणारे गोरे पुरुष इंग्लंडपेक्षा इथे कितीतरी जास्त होते. साध्या शेतकऱ्यालासुद्धा मत होते. लंडनने एकदा ही व्यवस्था मोडून पाहिली. १६८६ मध्ये राजा दुसऱ्या जेम्सने न्यू इंग्लंडच्या सगळ्या सभा बरखास्त करून सर एडमंड अँड्रॉसच्या हाती एकहाती कारभार दिला. सभेला न विचारता कर बसले. इप्सविच गावाने भरायला नकार दिला, तेव्हा तिथल्या पुढाऱ्यांना तुरुंगात घातले गेले. १६८९ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडमधल्या सत्तांतराची बातमी येताच बॉस्टनकरांनी अँड्रॉसलाच कोठडीत टाकले. पुढे कित्येक दशके लंडनने फारसे लक्ष घातले नाही. व्यापार वाढत होता, सरकारला तेवढे पुरेसे होते.

या वाढीखाली दुसरी एक रचना कायद्याने पक्की होत होती. व्हर्जिनियाच्या त्याच सभेने १६६२ मध्ये ठरवले की मूल आईच्या दर्जाचे, म्हणजे गुलाम बाईचे मूल जन्मतःच गुलाम, बाप कोणीही असो. १६७६ मध्ये नॅथॅनिएल बेकनच्या बंडात गोरे करारबद्ध मजूर आणि काळे गुलाम एकत्र लढले आणि त्यांनी जेम्सटाउन जाळले. त्यानंतर मळेवाल्यांचा कल आफ्रिकी गुलामांकडे अधिकच झुकला आणि १७०५ च्या गुलामविषयक कायद्याने काळ्या-गोऱ्यांमधली भिंत पुरी चिणली. क्रांतीच्या सुमारास तेरा वसाहतींची लोकसंख्या सुमारे पंचवीस लाख होती. त्यांत दर पाचांतला एक माणूस गुलाम होता.

मग आले १७५४. ओहायोच्या खोऱ्यात व्हर्जिनियाचा बावीस वर्षांचा एक अधिकारी फ्रेंच तुकडीवर चालून गेला आणि त्या चकमकीतून पेटलेली लढाई पुढे जगभर पसरली. तो अधिकारी म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टन. प्लासी, क्वेबेक, पाँडिचेरी ही सगळी त्याच इंग्रज-फ्रेंच संघर्षाची रणांगणे. १७६३ च्या पॅरिसच्या तहात फ्रान्सने उत्तर अमेरिकेची मुख्यभूमी सोडली. ब्रिटनने युद्ध जिंकले, पण राष्ट्रीय कर्ज साडेसात कोटी पौंडांच्या आसपास होते ते तेरा कोटींवर गेले. सरकारच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा नुसत्या व्याजात जाऊ लागला. त्यातच दहा हजार सैनिक अमेरिकेत ठेवायचे ठरले. ज्यांच्या रक्षणासाठी हे सैन्य, त्यांनी थोडा भार उचलावा, असे लंडनला वाटले. तिथे बसून पाहिले तर ही मागणी अवाजवी नव्हती, हे मान्य करायला हवे.

अमेरिकेत ती उलटी पडली. १७६३ च्या राजघोषणेने ॲपलेशियन डोंगरांच्या पलीकडे वस्ती करायला बंदी घातली. मूळ रहिवाशांशी नवे युद्ध नको म्हणून ही रेषा आखली होती, पण पश्चिमेच्या जमिनींवर डोळा ठेवून बसलेल्या वॉशिंग्टनसारख्या मळेवाल्यांना ती खुपली. १७६५ मध्ये स्टॅम्प ॲक्ट आला. वर्तमानपत्रे, करारनामे, मृत्युपत्रे, परवाने, पत्त्यांचे जोड, सगळ्यांना मुद्रांक. म्हणजे ज्यांना लिहिता-बोलता येते त्या वकील, छापखानेवाले आणि व्यापारी या तिन्ही वर्गांना सरकारने एकदम दुखावले. त्याहून मोठी गोष्ट ही की पार्लमेंटने पहिल्यांदाच वसाहतींच्या आत, त्यांच्या सभांना डावलून, महसुलासाठी थेट कर बसवला होता. आमचे प्रतिनिधी ज्या सभेत नाहीत तिने आमचा पैसा कसा घ्यायचा, असा प्रश्न न्यू हॅम्पशायरपासून जॉर्जियापर्यंत विचारला गेला.

लंडनकडे उत्तर होते. मँचेस्टर आणि बर्मिंगहॅमसारख्या वाढत्या शहरांनाही पार्लमेंटमध्ये स्वतःचा प्रतिनिधी नव्हता. प्रत्येक सभासद सगळ्या साम्राज्याचाच प्रतिनिधी, असे म्हणणे होते. ज्याने आपल्या गावच्या सभेत शेजाऱ्याला निवडून पाठवले आहे आणि पुढच्या वर्षी त्याला पाडलेही आहे, त्याला हे पटणे अशक्य होते. बॉस्टनमध्ये मुद्रांक वाटायला नेमलेल्या अँड्र्यू ऑलिव्हरचा पुतळा झाडाला टांगला गेला. लवकरच जमावाने उपगव्हर्नर थॉमस हचिन्सनचे घर पार उद्ध्वस्त केले. वसाहतींमधल्या मुद्रांक अधिकाऱ्यांनी एकामागून एक राजीनामे दिले. कायदा लागू व्हायच्या दिवशी तो राबवायला माणूसच उरला नव्हता. १७६६ च्या मार्चमध्ये पार्लमेंटने तो मागे घेतला, पण त्याच दिवशी दुसरा कायदा करून सर्व बाबतींत वसाहतींवर आपला अधिकार चालतो असे जाहीर करून टाकले.

पुढच्या वर्षी चार्ल्स टाउनशेंडने काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांवर जकात बसवली. या पैशाचा उपयोग नीट पाहिला पाहिजे. त्यातून गव्हर्नर आणि न्यायाधीशांचे पगार द्यायचे होते. सभांच्या हातात दीडशे वर्षे असलेली किल्ली अलगद काढून घ्यायचा हा डाव होता. वसाहतींनी ब्रिटिश मालावर बहिष्कार घातला. पार्लमेंटच्या दारात न जाता घरात बसून करता येणारी ही लढाई होती, म्हणून बायका तिच्या मध्यभागी आल्या. गावोगावी सूत कातण्याच्या बैठका भरल्या. हार्वर्डच्या १७६८ च्या वर्गाने घरच्या चरख्यावरच्या सुताचे कपडे घालून पदव्या घेतल्या. स्वदेशीच्या चळवळीचा वारसा सांगणाऱ्या मराठी वाचकाला हे चित्र ओळखीचे वाटेल.

बहिष्कार लंडनला झोंबला. ५ मार्च १७७० रोजी पंतप्रधान लॉर्ड नॉर्थने या जकाती रद्द करण्याचा प्रस्ताव मांडला. फक्त चहावरची ठेवली, अधिकार सुटला असे होऊ नये म्हणून. नेमक्या त्याच संध्याकाळी बॉस्टनमध्ये सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या आणि पाच माणसे गेली. त्यांतला क्रिस्पस ॲटक्स हा आफ्रिकी आणि मूळ रहिवासी अशा दोन्ही वंशांचा खलाशी होता. सैनिकांचे वकीलपत्र जॉन ॲडम्सने घेतले आणि त्यांतल्या बहुतेकांना सोडवले. मॅसॅच्युसेट्सच्या पंचांनी, इतक्या तापलेल्या हवेत, पुरावा पाहून निकाल दिला ही गोष्ट मला त्या वसाहतीबद्दल फार मोलाची वाटते.

आता चहाकडे. हा चहा चीनचा, पण तो बॉस्टनला पोहोचला तो बंगालच्या वाटेने, असे म्हणावे लागेल. १७६५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला बंगालची दिवाणी मिळाली. लंडनमध्ये तिच्या शेअरचे भाव चढले, भागधारकांनी लाभांश साडेबारा टक्क्यांपर्यंत वाढवून घेतला आणि सरकारनेही वर्षाला चार लाख पौंड कंपनीकडून घ्यायला सुरुवात केली. १७६९-७० मध्ये बंगालवर भीषण दुष्काळ आला. प्रांतातली एक तृतीयांश माणसे मेली असा अंदाज वॉरन हेस्टिंग्जने स्वतः कळवला, आणि त्याच पत्रात हेही कळवले की १७७१ ची महसुलाची वसुली १७६८ पेक्षा जास्त झाली होती. या दोन वाक्यांत कंपनीचे राज्य पुरते दिसते. पण युद्धखर्च, नोकरांची लूट आणि लाभांशाची हाव यांपुढे तो महसूलही पुरेना. १७७२ मध्ये लंडनमध्ये बँका कोसळल्या आणि कंपनी दिवाळखोरीच्या कडेला आली. तिच्या गोदामांत तेव्हा सुमारे पावणेदोन कोटी रत्तल चहा पडून होता. अमेरिकेत बहिष्कार आणि डच चोरटा माल, दोन्हींनी तिचे गिऱ्हाईक तोडले होते.

सरकारने कंपनीला चौदा लाख पौंड कर्ज दिले, तिच्या कारभारावर लगाम घालणारा रेग्युलेटिंग ॲक्ट केला आणि तिचा चहा खपावा म्हणून मे १७७३ मध्ये टी ॲक्ट केला. पूर्वी हा चहा लंडनच्या लिलावात विकला जाई, तिथून व्यापाऱ्यांच्या हाती फिरत अमेरिकेत येई. आता कंपनी तो थेट पाठवू शकणार होती, इंग्लंडमधली जकात माफ, आणि अमेरिकेत फक्त तिने निवडलेले अडते विकणार. दर उतरला, पण तीन पेन्सची जकात तेवढी राहिली. बॉस्टनच्या अडत्यांत थॉमस हचिन्सनचे दोन मुलगे होते. हचिन्सन आता गव्हर्नर होता आणि त्याचा पगार चहाच्याच जकातीतून येत होता.

स्वस्त चहा घ्या आणि त्याबरोबर पार्लमेंटचा कर मान्य करा, असा हा सौदा होता. किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्यांना मक्तेदारीची भीती वाटत होती आणि त्यांतले कित्येक चोरट्या चहावर पोसलेले होते, हे खरेच. पण नुसत्या स्वार्थाने शेतकरी आणि कारागीर रस्त्यावर येत नाहीत. फिलाडेल्फियाचा वकील जॉन डिकिन्सन याने त्या नोव्हेंबरमध्ये 'रस्टिकस' या टोपणनावाने पत्रक काढले आणि कंपनीने आशियात काय केले ते वाचकांपुढे मांडले: मक्तेदारी, लूट आणि दुष्काळात मेलेली माणसे. आज बंगाल, उद्या आपण, असा त्याचा सूर होता. बंगालच्या मृतांची नोंद अशी अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्यात आली, ही गोष्ट भारतात फार कमी सांगितली जाते.

न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाकडची जहाजे लोकांनी माल न उतरवताच परत पाठवली. चार्ल्सटनला चहा उतरला तो तळघरात पडून राहिला. बॉस्टनला हचिन्सन अडून बसला. 'डार्टमथ' २८ नोव्हेंबरला आले, मागून 'एलिनॉर' आणि 'बीव्हर'. वीस दिवसांत जकात भरली नाही तर माल जप्त करून विकायचा, असा नियम होता. ती मुदत १७ डिसेंबरला संपत होती आणि गव्हर्नर जहाजांना परत जायचा परवाना देत नव्हता. १६ डिसेंबरच्या थंड, पावसाळी दिवशी ओल्ड साउथ सभागृहात सुमारे पाच हजार लोक जमले. शहराची लोकसंख्याच पंधरा-सोळा हजार. जहाजाचा तरुण मालक फ्रान्सिस रॉच याला शेवटचा परवाना मागायला मिल्टनला हचिन्सनच्या घरी धाडले. तो अंधार पडल्यावर नकार घेऊन परतला.

मग शंभर-दीडशे माणसे तोंडाला काजळी फासून, मोहॉक लोकांचे अर्धवट सोंग घेऊन ग्रिफिनच्या धक्क्यावर गेली. त्यांत जोडे शिवणारा गरीब जॉर्ज ह्यूज होता. त्याने कप्तानाकडे जाऊन तळाच्या किल्ल्या आणि मेणबत्त्या मागून आणल्या. तीनेक तासांत ३४२ पेट्या कुऱ्हाडींनी फोडून पाण्यात गेल्या. ९२,००० रत्तलांहून अधिक चहा, किंमत कंपनीच्या हिशेबाने ९,६५९ पौंड. दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही असा दंडक होता, आणि तो बव्हंशी पाळला गेला.

खुद्द वॉशिंग्टन आणि बेंजामिन फ्रँकलिन यांना ही नासधूस पसंत नव्हती. लंडनने थोडा धीर धरला असता तर बॉस्टन एकाकी पडले असते. पण पार्लमेंटने १७७४ मध्ये जे कायदे केले त्यांनी सगळ्या वसाहतींना बॉस्टनच्या बाजूला ढकलले. भरपाई होईपर्यंत बंदर बंद. मॅसॅच्युसेट्सची सनद गुंडाळली. वरिष्ठ मंडळ राजाने नेमायचे, न्यायाधीश गव्हर्नरने, आणि गावाची सभा वर्षातून एकदाच. जास्त घ्यायची तर परवानगी.

यावर आतल्या खेड्यांनी जे केले ते चहापेक्षाही महत्त्वाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोलले जाते. ६ सप्टेंबर १७७४ रोजी वुस्टर गावी न्यायालय भरायचे होते. त्या सकाळी परगण्यातल्या ३७ गावांच्या तुकड्या तिथे जमल्या. मोजदाद झाली ती ४,६२२ माणसांची. न्यायालयाच्या इमारतीला त्यांनी कडी घातली, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रांगा केल्या आणि राजाच्या अधिकाऱ्यांना टोप्या हातात घेऊन त्या रांगांमधून चालायला लावले. चालताना प्रत्येकाने पुन्हापुन्हा वाचून दाखवायचे होते की नव्या कायद्याखाली आपण काम करणार नाही. एक गोळी सुटली नाही. बॉस्टनच्या बाहेर मॅसॅच्युसेट्सभर राजाची सत्ता त्या उन्हाळ्यात अशीच संपली. लेक्झिंग्टनला पहिली गोळी सुटायला अजून सात महिने होते.

युद्धाचा तपशील इथे थोडक्यात पुरे. १९ एप्रिल १७७५ ला लेक्झिंग्टन आणि काँकर्ड. जूनमध्ये वॉशिंग्टन सेनापती. जानेवारी १७७६ मध्ये टॉमस पेनचे 'कॉमन सेन्स', ज्याने राजेपणावरच हल्ला चढवला. २ जुलैला वसाहतींच्या प्रतिनिधींच्या काँग्रेसने स्वातंत्र्याचा ठराव केला आणि ४ जुलैला जाहीरनामा स्वीकारला. तो लिहिताना जेफरसन फिलाडेल्फियात ज्या घरी राहत होता तिथे त्याच्या सेवेला रॉबर्ट हेमिंग्ज नावाचा चौदा वर्षांचा गुलाम मुलगा होता. तो जेफरसनच्या बायकोचा सावत्र भाऊही होता. जाहीरनाम्याच्या मसुद्यात जेफरसनने गुलामांच्या व्यापाराबद्दल राजाला दोष देणारा परिच्छेद घातला होता. काँग्रेसने तो काढला.

त्याआधीच, नोव्हेंबर १७७५ मध्ये, व्हर्जिनियाचा राजनियुक्त गव्हर्नर लॉर्ड डन्मोर याने घोषणा केली की बंडखोर मालकांचे जे गुलाम राजाच्या बाजूने शस्त्र घेतील ते मुक्त. त्यामागे दया नव्हती, लष्करी गणित होते. पण गुलामांनी आपले गणित आपण केले. हजारो माणसे मळे सोडून इंग्रज छावण्यांकडे पळाली. त्यांत वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्ननवरून पळालेला हॅरी वॉशिंग्टनही होता. देवीच्या साथीने कित्येकांचा बळी घेतला. युद्ध संपल्यावर न्यूयॉर्कहून तीन हजारांच्या आसपास काळे स्त्री-पुरुष नावनिशीवार नोंद होऊन नोव्हा स्कॉशियाला गेले. हॅरी पुढे सिएरा लिओनला पोहोचला. त्याच्यापुरते स्वातंत्र्य इंग्रजांच्या जहाजावर होते.

१७७७ मध्ये साराटोगाला इंग्रज सेना शरण आली आणि पुढच्या फेब्रुवारीत फ्रान्सने अमेरिकनांशी तह केला. इथे या युद्धाचा धागा पुण्यापर्यंत येतो. फ्रेंच वकील म्हणवणारा सेंट ल्युबिन १७७७ मध्ये नाना फडणवीसांच्या दरबारी आला होता आणि मुंबईकर इंग्रजांची त्याने झोप उडवली होती. रघुनाथरावांना पुढे करून त्यांनी पुण्यावर जी स्वारी केली तिच्यामागे ही फ्रेंचांची धास्तीही होती. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला ती स्वारी मराठ्यांसमोर शरण गेली. इंग्रजांनी फ्रेंचांकडून माहे घेतले तेव्हा हैदरअली खवळला आणि १७८० मध्ये कर्नाटकात उतरला. ब्रिटनला एकाच वेळी अमेरिका, कॅरिबियन, युरोप आणि भारत सांभाळायचे होते. यॉर्कटाउनला ऑक्टोबर १७८१ मध्ये फ्रेंच आरमाराने समुद्राची वाट अडवल्यामुळे शरण गेलेला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्यात उतरला.

१७८३ च्या तहात ब्रिटनने मिसिसिपीपर्यंतचा मुलूख नव्या राष्ट्राला देऊन टाकला. त्या मुलखात राहणाऱ्या शॉनी, चेरोकी, इरोक्वाय लोकांचा तहात उल्लेखही नाही. त्यांतले बरेच ब्रिटनच्या बाजूने लढले होते. १७६३ ची ती डोंगरांवरची रेषा आता कोणी राखणार नव्हते.

पण मुद्दा एकदा मांडला की तो कोणाच्या तोंडी जाईल हे मांडणाऱ्याच्या हातात राहत नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये १७८० च्या फेब्रुवारीत सात काळ्या नागरिकांनी विधानसभेकडे अर्ज केला: आम्हाला मत देऊ देत नाहीत, मग आमच्याकडून कर कसा घेता? त्यांत जॉन आणि पॉल कफी हे भाऊ होते. बाप आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेला आणि पुढे मुक्त झालेला, आई तिथल्या मूळ वांपनोआग लोकांतली. दोघांनी कर थकवला आणि त्यापायी तुरुंगही पाहिला. पॉल पुढे जहाजांचा मोठा मालक झाला. १७८१ मध्ये शेफील्ड गावच्या एलिझाबेथ फ्रीमन या गुलाम बाईने राज्याच्या नव्या संविधानाचा आधार घेऊन मालकावर फिर्याद केली आणि ती जिंकली. १७९० च्या जनगणनेत मॅसॅच्युसेट्समध्ये एकही गुलाम नोंदला गेला नाही. न्यू जर्सीत मालमत्ता असलेल्या स्त्रिया मतदान करू लागल्या. १८०७ मध्ये तो हक्क काढून घेतला.

आणि पुन्हा वुस्टर. युद्धाच्या काळात राज्याने काढलेले कर्जरोखे सटोडियांनी कवडीमोलाने गोळा केले होते आणि ते पुऱ्या किमतीने फेडायला मॅसॅच्युसेट्सने जबर कर बसवला, तोही रोख नाण्यांत. पश्चिमेच्या शेतकऱ्यांकडे नाणी नव्हती. जमिनी लिलावात जाऊ लागल्या. सप्टेंबर १७८६ मध्ये त्यांनी वुस्टरचे न्यायालय बंद पाडले. बारा वर्षांपूर्वीचेच ठिकाण, तोच महिना, तीच रीत. या वेळी दारात त्यांच्यासमोर न्यायाधीश म्हणून आर्टिमस वॉर्ड उभा होता, क्रांतियुद्धाचा सेनानी. जमावातले कित्येक त्याच युद्धात लढलेले. डॅनिएल शेज हा त्यांच्या पुढाऱ्यांतला एक, बंकर हिलला लढलेला कप्तान. जानेवारीत स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारासमोर त्यांच्यावर तोफ डागली गेली आणि चौघे मेले. क्रांतीतला बॉस्टनचा पुढारी सॅम्युएल ॲडम्स याचे म्हणणे होते की राजाविरुद्धचे बंड क्षम्य, पण प्रजासत्ताकाविरुद्ध उठणाऱ्याला फाशीच योग्य. मतदारांनी मात्र वसंतात गव्हर्नरला घरी बसवले, नव्या गव्हर्नरने बहुतेकांना माफी दिली आणि कर उतरला. १७७४ आणि १७८६ मधला फरक मला इथे दिसतो: या वेळी त्या शेतकऱ्यांच्या हातात मतपेटी होती आणि ती चालली.

या बंडाने हादरलेले ५५ प्रतिनिधी १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात जमले. जुन्या संघराज्याच्या काँग्रेसला कर बसवताच येत नव्हता. राज्यांकडे हात पसरावा लागे. नव्या संविधानाने तिला तो अधिकार दिला, आणि महसुलाचे प्रत्येक विधेयक लोकांनी थेट निवडलेल्या प्रतिनिधिगृहातूनच निघेल असे बंधन घातले. जेम्सटाउनपासूनची सवय अशी मूळ कायद्यात उतरली. त्याच मजकुरात प्रतिनिधींच्या जागा आणि प्रत्यक्ष कर दोन्ही राज्यांच्या लोकसंख्येवर वाटून दिले आहेत. ती लोकसंख्या मोजताना गुलामांची तीन पंचमांश संख्या धरायची होती. हे प्रमाण चार वर्षांपूर्वी राज्यांवर खर्चाचा बोजा वाटण्यासाठी सुचवले गेले होते. आता त्यावर जागा मिळू लागल्या. कर न भरणारे मूळ रहिवासी मोजणीतून बाहेरच राहिले. १७९० मध्ये देशात सुमारे सात लाख गुलाम होते. त्यांतल्या एकालाही आपल्या नावावर वाढलेल्या जागेसाठी मत देता येत नव्हते. या जागांमुळे दक्षिणेचे वजन वाढले, प्रतिनिधिगृहात आणि राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या मंडळातही. पहिल्या छत्तीस वर्षांतली बत्तीस वर्षे राष्ट्राध्यक्षपदावर व्हर्जिनियाचा माणूस होता: वॉशिंग्टन, जेफरसन, मॅडिसन, मन्रो. चौघेही गुलामांचे मालक.